हायड्रॉलिक डिस्क ब्रेकची हवा घरीच काढायची आहे, कोणती हत्यारं घेऊ?

सिंहगडवारी | शनिवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. दर रविवारी पहाटे डोणज्याकडून सिंहगड करतो. सायकल साधी एमटीबी (माउंटन बाईक), ब्रेक शिमानो एमटी२००. घेऊन साडेतीन वर्षं झाली, पॅड बदलण्यापलीकडे ब्रेकला कधी हात लावलेला नाही. गेल्या महिन्यापासून मागचा ब्रेक मऊ लागतोय. लिव्हर दाबली की स्पंज दाबल्यासारखी आत जाते, दोन-तीनदा पटापट पंप केली की पुन्हा कडक होते. गेल्या रविवारी गडावरून उतरताना एका वळणावर ती थेट ग्रिपला टेकली. पुढच्या ब्रेकवर सायकल थांबवली, पण समोरून जीप येत होती आणि दोन मिनिटं पाय थरथरत होते.

दुकानात विचारलं तर बारा दिवसांनी आणा म्हणाले. तेवढे दिवस थांबायचं नाही आणि खरं सांगायचं तर हे काम मला स्वतःला यायला हवं असं त्या वळणावर वाटलं. पंक्चर, चेन, गिअर घरी करतो, त्यामुळे हाताला सवय आहे.

प्रश्न असे:
ऑनलाइन मिळणारी तयार किट घ्यावी की सुटी हत्यारं जमवावीत?
मेडिकलमधली सिरिंज चालते का?
तेल कोणतं आणि किती?

नाशिकचा_पाना | शनिवार, रात्री ११:२५

पंप केल्यावर कडक होतो म्हणजे लाइनमध्ये हवा आहे, यात शंका नको. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. तुम्ही लिव्हर ओढता ती ताकद पिस्टन हलवण्याऐवजी बुडबुडा आवळण्यात जाते. पण हवा काढायच्या आधी निप्पल (कॅलिपरवरचा हवा-तेल सोडायचा छोटा स्क्रू; कॅलिपर म्हणजे डिस्कवर बसणारा, पॅड धरणारा भाग), होसचे (लिव्हरपासून कॅलिपरपर्यंतच्या तेलाच्या पाइपचे) जोड आणि पॅड ढकलणाऱ्या पिस्टनच्या कडा नीट बघून घ्या. तिथे ओल दिसली तर हवा काढून उपयोग नाही, आधी गळती बंद करावी लागेल.

एमटी२०० साठी लागणारी हत्यारं मोजकी आहेत, पण प्रत्येकाचं काम समजून घ्या म्हणजे कुठे पैसे वाचवायचे ते कळेल.

पहिलं म्हणजे नरसाळं. लिव्हरच्या वरच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो, २.५ मिमीच्या ॲलन कीने निघतो. त्या भोकात हे नरसाळं आट्यांनी बसतं आणि सोबत एक दांडीवाला बूच येतो. नरसाळं म्हटलं की लोकांना वाटतं तेल ओतायचं साधन. तसं नाही. ते तेलाचं छोटं तळं आहे. हवा वर येऊन तिथे फुटते आणि तिची जागा तेल घेतं, बाहेरची हवा परत आत शिरत नाही. हे चांगलं घ्या. स्वस्तातल्या नरसाळ्याचे आटे नीट बसत नाहीत, बुडातून तेल झिरपतं आणि तिथूनच हवाही जाते. लिव्हरचा स्क्रू काढताना त्याच्याबरोबरची इवलीशी ओ-रिंग सांभाळा, ती पडली तर रात्रभर फरशीवर शोधत बसावं लागतं.

दुसरं, ७ मिमीचा रिंग पाना, कॅलिपरच्या निप्पलसाठी. फिक्स पाना वापरू नका. निप्पल मऊ असतो, एकदा त्याचे कोपरे गोल झाले की तो काढणं ही वेगळीच लढाई होते. (शिमानोच्या काही कॅलिपरना निप्पल ॲलन कीने फिरवायचा असतो, आधी आपला बघून घ्या.)

तिसरं, सिरिंज आणि पारदर्शक नळी. नळी निप्पलवर घट्ट बसली पाहिजे. सैल असेल तर पुढचं सगळं काम वाया.

चौथं, ब्लीड ब्लॉक. पॅड काढून त्या जागी घालायचा प्लास्टिकचा ठोकळा. नव्या ब्रेकबरोबर पिवळा ठोकळा येतो, बहुतेकांनी तो कचऱ्यात टाकलेला असतो. पिस्टन पूर्ण मागे ढकललेल्या स्थितीत धरून ठेवणं हे त्याचं काम. ठोकळ्याशिवाय, झिजलेल्या पॅडवर हवा काढलीत तर तेल जास्त भरलं जाईल आणि पुढे नवे पॅड घातल्यावर त्यांच्यामध्ये डिस्क बसणारच नाही.

बाकी: नायट्राइलचे हातमोजे, आयसोप्रोपिल अल्कोहोल, भरपूर फडकी, जुन्या तेलासाठी बाटली, दोन-चार केबल टाय.

तेल शिमानोचं मिनरल ऑइल. १०० मिलीची बाटली दोन्ही ब्रेकना पुरावी. आधीच लिटरचा डबा घेऊ नका.

कृष्णाकाठ_सायकल | रविवार, सकाळी ७:१०

मी सांगलीचा. आमच्याकडे मिनरल ऑइल मिळत नाही, मागवावं लागतं. मोटरसायकलच्या गॅरेजमध्ये मात्र डॉट ४ ब्रेक ऑइल कधीही मिळतं. तेही ब्रेकचंच तेल. तेवढ्यापुरतं घातलं तर काय बिघडेल?

नाशिकचा_पाना | रविवार, सकाळी ७:३२

नको. कृपा करून नको. हे मी हात जोडून लिहितोय.

डॉट ३, ४ आणि ५.१ हे ग्लायकॉल ईथर जातीचे द्रव आहेत. त्यांच्यासाठी बनवलेल्या ब्रेकमधले सील ईपीडीएम रबराचे असतात. मिनरल ऑइलच्या ब्रेकमधले सील नायट्राइल जातीचे. चुकीचं तेल गेलं की सील फुगतात, मऊ पडतात, पिस्टन अडकतो नाहीतर तेल गळायला लागतं. लगेच कळतही नाही, एक-दोन आठवडे ब्रेक चांगला लागतो आणि मग एक दिवस घाटात सोडतो. शिमानो आतले सील सुटे विकत नाही. म्हणजे लिव्हर, होस, कॅलिपर सगळं नवीन.

गेल्या पावसाळ्यात एक कॉलेजचा मुलगा असाच ब्रेक घेऊन आला होता. पिस्टन हाताने मागे जात नव्हते. खोलला तर सील भिजवलेल्या हरभऱ्यासारखे फुगलेले. त्याने स्वतः घातलं नव्हतं, कुणीतरी 'चालतं रे' म्हणून घालून दिलं होतं. मुलाचे पैसे गेले, पण निदान दुकानात कळलं, रस्त्यावर नाही.

तेल येईपर्यंत सायकल घरी ठेवा.

कृष्णाकाठ_सायकल | रविवार, सकाळी ७:५०

समजलं दादा. मागवतो. विचारलं ते बरं झालं.

ठाणेकर_ट्रेल | रविवार, सकाळी ९:०५

याच्या उलटही लक्षात ठेवा. माझे ब्रेक स्रॅम कंपनीचे, लेव्हल मॉडेल. त्यांना डॉट ५.१ लागतं, डॉट ४ पण चालतं. त्यात मिनरल ऑइल गेलं तर तीच गत. पण 'स्रॅम म्हणजे डॉट' हे आता डोळे मिटून धरू नका, त्यांचे डीबी८ आणि मेव्हन मिनरल ऑइलवर चालतात. लिव्हरवर नाहीतर टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, ते वाचा. आणि डॉट ५ हे ५.१ चं भावंड नाही. ते सिलिकॉनचं आहे, ते या दोन्हीत चालत नाही.

डॉट हवेतली ओल शोषून घेतं. कोरड्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३०° से. आणि ओल शोषल्यावर १५५°. डॉट ५.१ चे तेच आकडे २६० आणि १८०. म्हणून फोडलेली बाटली वर्षभर माळ्यावर ठेवून परत वापरायची नाही. आमच्याकडे कोकणच्या दमट हवेत तर मुळीच नाही. छोटी बाटली घ्या, काम करा, उरलेलं मोटरसायकलवाल्याला देऊन टाका.

हत्यारंही वेगळी. नरसाळं नाही, दोन सिरिंज लागतात, एक लिव्हरला, एक कॅलिपरला. स्क्रूसाठी टी१० टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या टोकाची की), नव्या कॅलिपरना 'ब्लीडिंग एज' नावाची वेगळी जोडणी. आणि काम सुरू करायच्या आधी सिरिंजमधल्या तेलातली विरघळलेली हवा काढावी लागते. नळीची क्लिप बंद करून दट्ट्या मागे ओढायचा, आत निर्वात झाला की सोडा फोडल्यासारखे बारीक बुडबुडे उठतात, टिचकी मारून वर आणायचे, ढकलून बाहेर काढायचे.

डॉट रंग खातं. फ्रेमवर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा, ते पाण्यात मिसळतं. मी एकदा पुसून सोडून दिलं, टॉप ट्यूबवर आठ आण्याएवढा रंग उडालाय.

रानवाटा | रविवार, दुपारी १२:१८

मेडिकलमधल्या सिरिंजबद्दल माझा अनुभव. मी कोल्हापूरची, गेली पाच वर्षं घरातल्या तिन्ही सायकलींचे ब्रेक मीच करते.

सिरिंज चालते, पण एका कामापुरती. दट्ट्याच्या टोकाला काळं रबर असतं, ते मिनरल ऑइलमध्ये फुगतं. पहिल्या दिवशी लोण्यासारखी सरकते. तीच धुऊन ठेवली आणि पुढच्या वर्षी काढली तर दट्ट्या अडकतो. मग जोर लावला की एकदम सुटतो आणि तेल भिंतीवर. ५० मिलीची नवी सिरिंज प्रत्येक वेळी घ्या, टोक आट्यांचं मिळालं तर उत्तम, म्हणजे नळीची जोडणी दाब आल्यावर निसटत नाही. नळी मी माशांच्या टाकीच्या दुकानातून आणते, हवा सोडायची पारदर्शक असते ती. निप्पल सोबत नेऊन मापून घेतली होती.

ब्लॉकसुद्धा मी सागवानाच्या तुकड्याचा घासून केला आहे. पिस्टन पूर्ण मागे ढकलायचे, मधलं अंतर मोजायचं आणि तेवढाच जाड तुकडा. सरकवताना किंचित अडकला पाहिजे, लोंबकळता कामा नये. पिस्टन ढकलायला टायर काढायचा प्लास्टिकचा लिव्हर वापरा, स्क्रूड्रायव्हर नाही. काही कॅलिपरचे पिस्टन सिरॅमिकचे असतात, कड लागली की टवका उडतो.

पण या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं हत्यार म्हणजे स्वच्छता. चाक काढून दुसऱ्या खोलीत ठेवा. पॅड प्लास्टिकच्या पिशवीत, तेही दुसऱ्या खोलीत. मी पहिल्यांदा पॅड तिथेच स्टुलावर ठेवले होते. तेलाचा हात लागला. अल्कोहोलने पुसले, सँडपेपरने घासले, तरी ब्रेक लावला की बस थांबल्यासारखी किंकाळी यायची आणि पकड अर्धी. शेवटी टाकून दिले.

श्टुटगार्टकर | रविवार, संध्याकाळी ६:४०

इकडे मागुराचे ब्रेक जास्त, कंपनी इथून जवळच बाड उराखची. तेल मिनरलच, त्यांचं निळं 'रॉयल ब्लड'. माझ्याकडून एकच भर. त्यांच्या लिव्हरचा हवेचा स्क्रू टी२५ ने निघतो आणि तो फक्त ०.५ न्यूटन-मीटरने आवळायचा असतो. लिव्हरची बॉडी प्लास्टिकसारख्या मिश्र पदार्थाची आहे, धातूची नाही. टी२५ म्हटलं की हाताला डिस्कचे बोल्ट आवळायची सवय असते, त्या जोराने फिरवलं की आटे गेलेच. मी दोन बोटांत बिट धरून, हँडल न लावता आवळतो.

ब्रेव्हेकर | रविवार, रात्री ८:०२

रोडबाईकवाल्यांसाठी: शिमानोच्या हायड्रॉलिक एसटीआयला (ब्रेक आणि गिअरची एकत्र लिव्हर) नरसाळं तेच, पण काही मॉडेलना मध्ये वेगळा अडॅप्टर लागतो. किट मागवताना तो आहे का बघा. ६०० किमीच्या ब्रेव्हेच्या (लांब पल्ल्याच्या सायकल राइडच्या) आठवडाभर आधी मी हँडलबार टेप सोडून बसलो होतो आणि अडॅप्टरच नव्हता.

सिंहगडवारी | पुढचा शनिवार, संध्याकाळी ७:५५

सगळ्यांचे मनापासून आभार. नरसाळं चांगल्यातलं घेतलं, तेल शिमानोचं, सिरिंज आणि नळी रानवाटा ताईंनी सांगितलं तशी. आज दुपारी तीन तास लागलो आणि अडकलोय.

मी असं केलं: वर नरसाळं लावून तेल भरलं. खाली निप्पलला नळी आणि सिरिंज. निप्पल एक फेरा सैल केला आणि सिरिंजने तेल खाली ओढायला लागलो. आधी काळपट तेल आलं, मग स्वच्छ. पण बुडबुडे थांबतच नाहीत. मोहरीएवढे, एकामागून एक, माळेसारखे. नरसाळं तीनदा भरलं. अर्धी बाटली संपली, बुडबुडे तसेच. आणि लिव्हर अजून मऊ. होसला कुठे चीर पडली असेल का?

नाशिकचा_पाना | शनिवार, रात्री ८:२०

होस ठीक आहे. ते बुडबुडे ब्रेकमधले नाहीतच.

निप्पल एक फेरा सैल केला की त्याचे आटे मोकळे होतात. तुम्ही सिरिंजने ओढता तेव्हा नळीत निर्वात तयार होतो आणि बाहेरची हवा त्या आट्यांच्या फटीतून आत खेचली जाते. तीच नळीत दिसते. बादली रिकामी होईपर्यंत ओढलं तरी माळ तुटणार नाही. घरी करणाऱ्या दहातले आठ जण इथे अडकतात आणि होस, सील, लिव्हर बदलत सुटतात.

उद्या असं करा. ओढू नका, ढकला. सिरिंजमध्ये तेल घ्या, टोक वर धरून त्यातली आणि नळीतली सगळी हवा काढा, नळीच्या टोकाशी तेलाचा फुगवटा दिसला पाहिजे. मग निप्पलवर चढवा, केबल टायने आवळा. निप्पल फक्त १/८ फेरा उघडा, तेवढा पुरतो. सावकाश खालून वर ढकला. हवा मुळात वर जाणारी, तिला तिच्याच दिशेने ढकलायचं. बुडबुडे नरसाळ्यात येतील. थांबले की निप्पल बंद.

मग सिरिंज काढून नळीचं दुसरं टोक बाटलीत सोडा, निप्पल उघडा आणि तेल आपोआप खाली वाहू द्या. नरसाळं रिकामं होऊ देऊ नका, एवढं एक पथ्य. मध्ये कॅलिपरवर पान्याच्या दांड्याने हलकेच टकटक करा, पिस्टनमागे चिकटलेला बुडबुडा सुटतो. वाहणं स्वच्छ झालं की निप्पल बंद करा, लिव्हर दाबून धरा, निप्पल अर्धा सेकंद उघडून लगेच बंद, मग लिव्हर सोडा. हे दोन-तीनदा. आणि निप्पल ४ ते ६ न्यूटन-मीटरने आवळा.

शेवटचं, आणि हे बहुतेकजण सोडून देतात. नरसाळं तसंच ठेवून लिव्हर हळूहळू दाबा-सोडा. मग तिचा बोल्ट सैल करून लिव्हर ३०° वर फिरवा, परत दाबा, ३०° खाली, परत दाबा. टाकीच्या कोपऱ्यात लपलेली हवा अशीच निघते.

रानवाटा | शनिवार, रात्री ८:४५

पानादादांनी सांगितलं ते तंतोतंत. फक्त एक जोडते. एमटीबीची मागची होस फ्रेमखालून जाताना बॉटम ब्रॅकेटपाशी (पेडलच्या आसापाशी) खोलगट होते आणि चेनस्टेवरून (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या नळीवरून) पुन्हा वर चढते. सायकल सपाट उभी असेल तर हवा तिथे अडून राहते. सायकलचं पुढचं चाक उचलून, म्हणजे भिंतीला तिरकी उभी करून ढकललंत तर कॅलिपरपासून लिव्हरपर्यंत सलग चढ मिळतो. मी खिडकीच्या गजाला दोरीने बांधते.

सिंहगडवारी | रविवार, दुपारी ३:३०

झालं!

सायकल गॅलरीच्या गजाला तिरकी बांधली. नळीच्या टोकाशी तेलाचा फुगवटा येईपर्यंत थांबलो, निप्पलवर चढवली, केबल टाय आवळला. १/८ फेरा म्हणजे किती ते कळावं म्हणून पान्याच्या दांड्यावर मार्करने खूण केली. ढकलायला लागलो तर पहिल्या १० मिलीतच नरसाळ्यात हवा आली, तीही मोहरीएवढी नव्हे, चांगले टप्पोरे बुडबुडे, गडगड आवाज करत. मग काळं तेल वर आलं, नळीत काल स्वच्छ दिसत होतं तरी. मग सगळं शांत.

पानादादांनी सांगितलं म्हणून लिव्हर फिरवली. वर काही नाही. ३०° खाली फिरवून दाबली आणि भोकातून साबुदाण्याएवढा एकच बुडबुडा निघाला, नरसाळ्यात डुलत वर आला आणि फुटला. पुढच्या दाबाला लिव्हर एकदम कडक. बायकोला बोलावून दाबायला लावली, ती म्हणाली, आता पुढचीपेक्षा ही चांगली आहे.

बूच लावून नरसाळं काढलं, ओ-रिंग जागेवर, स्क्रू बंद. कॅलिपर अल्कोहोलने तीनदा धुतला. पॅड लावून, चाक बसवून लिव्हर रबरबँडने करकचून बांधून ठेवली आहे. उद्या सकाळी तेवढीच कडक असली, आणि निप्पलखाली ठेवलेल्या कागदावर डाग नसला, तरच सोसायटीच्या उतारावर बघणार. तिथे पास झाला तर पुढच्या रविवारी गड.

एक शंका राहिली. पुढचा ब्रेक चांगला लागतोय, पण तेल साडेतीन वर्षांचं आहे. बाटलीत ३० मिली उरलंय. तोही करून टाकू का?

नाशिकचा_पाना | रविवार, संध्याकाळी ५:०५

अभिनंदन. मन भरून आलं वाचून.

पुढचाही करा. मिनरल ऑइल पाणी शोषत नाही, पण सीलमधून पाणी आत गेलं की ते तेलाखाली बसतं, म्हणजे कॅलिपरमध्ये, जिथे सगळ्यात जास्त उष्णता असते. पाणी १००° ला उकळतं आणि वाफ हवेसारखीच दबते. सायकल पावसात चालवता, मग साडेतीन वर्षं पुष्कळ झाली. पुढची होस छोटी, पण ३० मिली काठावर पडतं. आणखी एक छोटी बाटली आणून ठेवा, मध्येच नरसाळं कोरडं पडलं तर सगळं पहिल्यापासून.

वापरलेलं तेल मोरीत ओतू नका, बाटली भरून गॅरेजवाल्याकडे द्या, तो इंजिन ऑइलच्या पिंपात घेतो.

कृष्णाकाठ_सायकल | रविवार, रात्री ९:१२

माझं तेल आज आलं. ७ मिमीचा रिंग पाना आणि केबल टाय घेतले. ब्लॉकसाठी सागवान शोधतोय. रानवाटा ताई, तुमच्या तुकड्याची जाडी किती आहे तेवढं सांगाल का? माझेही एमटी२०० च आहेत.

रानवाटा | रविवार, रात्री ९:४०

माझ्या मापावर जाऊ नका, माझे ब्रेक वेगळे आहेत. पॅड काढा, पिस्टन दोन्ही बाजूंनी टेकेपर्यंत मागे ढकला आणि मधलं अंतर व्हर्नियरने मोजा. व्हर्नियर नसेल तर पुठ्ठ्याच्या पट्ट्या एकावर एक घालत जा, शेवटची जेमतेम शिरेल तेव्हा तो गठ्ठा घेऊन सुताराकडे जा.